पाळी पुढं ढकलायची गोळी: कुठली, कधीपासून, किती दिवस

महालक्ष्म्या उद्या बसणार आणि आज कंबर दुखायला लागली, की मग मेडिकलवर कुणाला तरी पिटाळलं जातं. त्या घाईत आलेली गोळी सहसा कामाला येत नाही. डाग लागायचे ते लागतात, वर मळमळ होते आणि खापर गोळीवर फुटतं. पाळी लांबवण्यात निम्मं काम कॅलेंडरचं असतं. गोळी कुठली नि किती, हे त्याच्यानंतर.

रस्ते दोन आहेत. एकदाच, आठ-दहा दिवसांपुरती पाळी ढकलायची असेल तर नॉरएथिस्टेरॉनची ५ मिलिग्रॅमची गोळी. बाजारात ती प्रिमोल्यूट-एन, रेजेस्ट्रोन अशा नावांनी मिळते. जास्त दिवस ढकलायची असेल, दर महिन्याचाच त्रास कमी करायचा असेल किंवा गर्भनिरोधक गोळी आधीपासून चालूच असेल, तर माला-डी, माला-एन यांसारखी रोजची गोळी. दोघींचा हिशेब वेगळा आहे. एकीचे नियम दुसरीला लावले की घोळ होतो.

आधी मोजणी

मागच्या चार पाळ्यांचे पहिले दिवस कालनिर्णयावर शोधून काढा. पहिला दिवस म्हणजे नीट लाल रक्त सुरू झालं तो. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग धरायचा नाही. चार तारखांमधून तीन अंतरं निघतील. समजा ३१, २७ आणि ३० दिवस आले. इथं सरासरी काढत बसू नका, सगळ्यात लहान आकडा धरा: २७. चार दिवस आधी गोळी सुरू झाली तर बिघडत नाही, एक दिवस उशिरा सुरू झाली तर सगळंच बिघडतं.

मागची पाळी २१ ऑगस्टला आली असेल, तर २७ दिवस मोजून पुढची १७ सप्टेंबरला धरायची. ही तारीख पेन्सिलीनं गोल करा. सगळी मोजणी तिच्यापासून मागं जाते.

अंतरं २५, ४०, ५२ अशी काहीही येत असतील तर हा हिशेब बसत नाही. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून रोजच्या गोळीचा रस्ता धरलेला बरा. आणि पाळी आधीच लांबलेली असेल तर गोळीला हात लावण्यापूर्वी लघवीची गर्भचाचणी करा. दिवस गेलेले असताना नॉरएथिस्टेरॉन घ्यायची नसते.

सणावारासाठी: नॉरएथिस्टेरॉन

गर्भपिशवीच्या आतलं अस्तर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या (हॉर्मोनच्या) आधारावर टिकून असतं. पाळीच्या तोंडावर तो आधार सुटतो आणि अस्तर गळतं. ही गोळी तोच आधार बाहेरून देत राहते. म्हणून ती पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. गळती एकदा सुरू झाली की वरून टेकू लावून उपयोग नसतो. आदल्या दिवशी घेतलेली गोळी फसते ती याचमुळं.

मात्रा अशी: ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा, आठ-आठ तासांच्या अंतरानं. सकाळी ६, दुपारी २, रात्री १० ही वेळ बहुतेक घरांत जमते. मळमळ होत असेल तर पोटात काहीतरी टाकून घ्या.

आता वरचंच उदाहरण पुढं नेऊ. महालक्ष्म्या १७ ते १९ सप्टेंबर आहेत आणि पाळीही १७ लाच धरली आहे. तर गोळी १४ च्या सकाळपासून सुरू, शेवटची १९ च्या रात्री. सहा दिवस, रोज तीन, म्हणजे १८ गोळ्या. दहाच्या दोन पट्ट्या घेतल्या की दोन शिल्लक राहतात आणि एखादी उलटीत गेली तर त्या कामाला येतात. गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी, म्हणजे २१-२२ च्या सुमाराला पाळी येईल. ती नेहमीपेक्षा थोडी जास्त जाऊ शकते, कारण अस्तर तेवढे दिवस तसंच थांबलेलं असतं. पुढच्या महिन्याची मोजणी जुन्या तारखेपासून नाही, या नव्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करायची.

चुकते ती बहुतेक वेळा दुपारची गोळी, आणि तीही नेमकी पूजनाच्या दिवशी. सोळा भाज्या, पुरण, आंबील, दारात सवाष्णींची वर्दळ, त्यात दोन वाजून कधी गेले ते कळतच नाही. संध्याकाळी डाग दिसला की मग आठवण. मोबाइलला तीन गजर लावा आणि त्या दिवसाच्या गोळ्या कमरेच्या पिशवीतच ठेवा. राहिलीच तर आठवल्याबरोबर घ्या, पुढची ठरल्या वेळेला. दोन एकदम घेऊ नका. हलका डाग लागला तरी गोळी सोडायची नाही. सोडली तर दोन दिवसांत पूर्ण पाळी येणारच.

किती दिवस चालवायची? दहा दिवसांपर्यंत ठीक, चौदाच्या पुढं नेऊ नये. नवरात्राला हा आकडा महत्त्वाचा ठरतो. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत दहा दिवस. पाळी पाचव्या माळेला येणार असेल तर दुसऱ्या माळेपासून सुरू केली तरी दसऱ्यापर्यंत नऊच दिवस होतात. पण पाळी घटस्थापनेलाच येणार असेल तर तीन दिवस आधीपासून धरून तेरा दिवस, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाणारणीला तर ही गोळी पुरतच नाही. ती वाट अडीच आठवड्यांच्या वर आहे. तिथं रोजच्या गोळीचा रस्ता, आणि तोही महिना-दीड महिना आधी धरलेला.

पट्टी हातात आली की मागचा आकडा वाचा. हेच औषध १० आणि १५ मिलिग्रॅममध्येही मिळतं आणि त्यावर ‘सीआर’ लिहिलेलं असतं. ती गोळी शरीरात हळूहळू विरघळते आणि रक्तस्रावाच्या इतर तक्रारींसाठी डॉक्टर ती वेगळ्या हिशेबानं देतात. ५ ची समजून ती दिवसातून तीनदा घेतली तर मात्रा दुप्पट-तिप्पट होते.

आणखी एक गोष्ट, जी काउंटरवर कुणी सांगत नाही: या गोळीनं गर्भ राहणं थांबत नाही. पाळी थांबलीय म्हणजे दिवस जाणार नाहीत, हा समज अनेकींना महागात पडतो. मूल नको असेल तर निरोध वापरावाच लागतो. लग्न ठरलेल्या मुलीच्या बाबतीत तर हा मुद्दा पहिला. हळद, लग्न, सत्यनारायण, मग तुळजापूर किंवा माहूरला कुलदैवताचं दर्शन, असे आठ-दहा दिवस जातात. पाळी ढकलायला नॉरएथिस्टेरॉन दिली जाते आणि नवी नवरी पुढच्या महिन्यात गरोदर. तारीख दीड-दोन महिने आधी ठरलेली असते, तेव्हा तिला त्याआधीच्या पाळीपासून रोजची गोळी सुरू केली तर दोन्ही कामं होतात. अर्थात, तिला विचारून. चहासोबत ‘ही घे’ म्हणून हातावर ठेवायची ही गोष्ट नाही.

जास्त दिवसांसाठी: रोजची गोळी

माला-डी आणि माला-एन या दोन्हींत औषध एकच आहे: लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. माला-एन उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, आशाताईकडंही असते. माला-डी दुकानात थोडक्या पैशांत मिळते. एका पाकिटात २८ गोळ्या: २१ पांढऱ्या, संप्रेरकाच्या, आणि शेवटच्या ओळीतल्या गडद रंगाच्या ७ लोहाच्या.

पाळी टाळायची सगळी युक्ती त्या सात गोळ्यांत आहे. लोहाच्या गोळ्या चालू असताना शरीराला संप्रेरक मिळत नाही, म्हणून त्या आठवड्यात रक्त जातं. ती खरी पाळी नव्हेच. त्या महिन्यात बीजांड बाहेर पडलेलं नसतं आणि अस्तरही पातळ असतं. तो स्राव दर महिन्याला व्हायलाच हवा असं आरोग्याच्या दृष्टीनं काही नाही. म्हणून लोहाच्या सात गोळ्या बाजूला ठेवायच्या आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी घ्यायची. एवढंच. मध्ये एक दिवसही मोकळा सोडायचा नाही.

नव्यानं सुरू करणारीनं पहिली गोळी पाळीच्या पहिल्या ते पाचव्या दिवसात घ्यावी. या पाच दिवसांत सुरू केली तर गर्भनिरोधक म्हणून ती लगेच लागू पडते. नंतर सुरू केली तर पहिले सात दिवस निरोध हवा. म्हणजे कार्तिकी वारीसाठी पाळी टाळायची असेल तर गोळी त्याच्या आधीच्या पाळीला सुरू झालेली असली पाहिजे. वारीच्या आठवड्यात सुरू करून भागत नाही.

वेळ रोज एकच. रात्रीच्या जेवणानंतर घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. देवापुढं दिवा लावायच्या वेळेला घेणाऱ्याही पुष्कळ आहेत, आणि ती सवय मोबाइलच्या गजरापेक्षा पक्की ठरते. पत्र्याच्या घरात पाकीट फळीवर वर ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली जी भट्टी होते ती औषधाला सोसत नाही. खाली, सावलीत, कोरड्या डब्यात ठेवा.

किती दिवस सलग घ्यायची याला तीन तऱ्हा आहेत. दोन पाकिटं सलग, म्हणजे ४२ गोळ्या, मग सुट्टी, म्हणजे काही दिवस गोळी बंद. चार पाकिटं सलग, ८४ गोळ्या, मग सुट्टी. वर्षात चारच पाळ्या देणारी ही पद्धत अमेरिकेत २००३ पासून मान्यताप्राप्त आहे. तिसरी तऱ्हा म्हणजे तारीख न ठरवता चालू ठेवायची आणि रक्त दिसायला लागलं की सुट्टी घ्यायची. आमच्या मते नवखीनं ४२ पासून सुरुवात करावी, शरीर काय म्हणतंय ते बघावं आणि मग ८४ वर जावं.

सुट्टीचा नियम मात्र कडक आहे. किमान २१ पांढऱ्या गोळ्या सलग पोटात गेल्यावर कधीही थांबता येतं. सुट्टी चार दिवसांची घ्या किंवा सातची, पण सातच्या वर एक दिवसही नको. नव्या पाकिटाची पहिली गोळी सात दिवसांच्या सुट्टीनंतर उशिरा घेणं ही या साऱ्या प्रकारातली सगळ्यात धोक्याची चूक. कारण त्या सात दिवसांत बीजकोश जागे व्हायला लागलेले असतात, आणि पाकिटाच्या मधली एक गोळी चुकण्यापेक्षा सुट्टी लांबणं जास्त अंगाशी येतं.

याच नियमानं पाळी अलीकडंही आणता येते. पोलीस भरतीची धाव २५ तारखेला आहे आणि पाकिटाच्या हिशेबानं स्राव २४ ला येणार आहे, असं दिसलं तर दोन वाटा. एक, सुट्टी न घेता पुढच्या पाकिटावर जा. दोन, २१ गोळ्या सलग झालेल्या असतील तर १२-१३ तारखेलाच थांबा, चार दिवसांची सुट्टी घ्या, पुन्हा सुरू करा. धावायच्या दिवशी मोकळ्या.

दुकानात २१ गोळ्यांचंच पाकीटही मिळतं, त्यात लोहाच्या नसतात. हिशेब तोच. काही पाकिटांत २४ संप्रेरकाच्या आणि ४ रिकाम्या असतात, तिथं चार सोडायच्या. पण ज्या पाकिटात पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आठवड्याच्या गोळ्यांचे रंग वेगवेगळे आहेत, ते या कामाला घेऊ नका. त्यात मात्रा आठवड्यागणिक बदलते आणि जोडणीच्या ठिकाणी डाग लागतात.

सलग घेतली तर पाकिटं जास्त लागतात. नेहमीच्या पद्धतीनं वर्षाला १३, सलग घेतली तर १७-१८. आशाताईला हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर तिच्या वहीत महिन्याला एकच पाकीट बसतं आणि तुमची साखळी तिसऱ्या महिन्यात तुटते.

आणि उरलेल्या लोहाच्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. संप्रेरकाची गोळी चालू असतानाही लोहाची घेता येते. चहासोबत नको, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्या.

मध्येच डाग लागले तर

सलग गोळी घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला पहिल्या तीन-चार महिन्यांत कधीतरी डाग लागतात. पातळ अस्तर जागोजागी सुटतं, त्याचा हा प्रकार. यात घाबरण्यासारखं काही नसतं आणि महिने जातील तसं ते कमी होतं. आधी गोळी चुकली होती का ते आठवा. उलटी-जुलाब झाले होते का? नवं औषध सुरू झालंय का? यातलं काही नसेल, स्राव तीन-चार दिवस थांबत नसेल आणि २१ गोळ्या सलग झालेल्या असतील, तर चार दिवस गोळी बंद ठेवा. नीट रक्त जाईल. पाचव्या दिवशी, रक्त चालू असलं तरी, गोळी पुन्हा सुरू. ही चार दिवसांची सुट्टी २१ गोळ्या व्हायच्या आधी घ्यायची नाही. दर आठवड्याला सुट्टी घेत बसलं तर ना पाळी थांबते ना गर्भ.

गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. एक गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घ्या, पुढं रोजची चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे सुट्टीनंतर लगेच, दोन चुकल्या आणि संबंध आलेला असेल तर तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल नर्सबाईंना त्याच दिवशी विचारा. ज्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय आणि गोळी फक्त पाळीसाठी चालू आहे, त्यांना चुकलेल्या गोळीचा दंड डागापुरताच.

टीबीच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन या गोळ्या रोजच्या गोळीचा जोर कमी करतात. हे उपचार चालू असणारीनं वेगळा उपाय शोधायला हवा. सर्दी-खोकल्याच्या साध्या अँटिबायोटिकनं मात्र फरक पडत नाही.

कुणी घेऊ नये

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका. दोन्ही रस्त्यांना तो लागू आहे. नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून ‘दहाच दिवस तर घ्यायचीय’ ही सबब चालत नाही.

धोका आहे तो रक्ताची गुठळी होण्याचा. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला दोघींना अशी गुठळी होते. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. म्हणजे निरोगी बाईसाठी धोका लहान आहे, बाळंतपणातल्या धोक्यापेक्षा कमी. पण काहींच्या बाबतीत तो लहान राहत नाही. आधी पायात, फुप्फुसात गुठळी झालेली, पक्षाघात किंवा हृदयविकार झालेला, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं नागमोडी रेघा, चमक येणारी अर्धशिशी, ३५ च्या पुढं वय आणि विडी-सिगारेट, बीपी १४०/९० किंवा वर, स्तनाचा कर्करोग, चालू असलेली कावीळ किंवा यकृताचा मोठा आजार, मधुमेहानं डोळे-मूत्रपिंडं बिघडलेली. यांनी घेऊ नये. बाळंत होऊन सहा महिने व्हायचे असतील आणि बाळ अंगावर पीत असेल तर रोजची एकत्रित गोळी नको. मिश्री-तंबाखूची सवय असेल तर तीही लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर तेही सांगा.

बीपी माहीत नसणं हीच खरी अडचण. उपकेंद्रात पट्टा बांधून मोजायला दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. गोळी सुरू करायच्या आधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या.

एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, अचानक दम लागला, छातीत कळ आली, पूर्वी कधी नव्हतं असं डोकं दुखलं, दिसेनासं झालं, बोलणं जड झालं, यातलं काहीही झालं तर गोळी तिथंच थांबवा आणि १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. गोळी घेत असल्याचं डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. घरच्यांसमोर सांगायला संकोच वाटतो म्हणून ही माहिती दडवली गेली तर निदान लांबतं. देवदर्शनाच्या लांबच्या गाडीप्रवासात दर दोन तासांनी उतरून चार पावलं चाला. लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी तोडणं हे तर मुळीच नको.

आणि आधीपासूनच पाळी आठ दिवसांच्या वर जात असेल, मध्येच रक्त दिसत असेल, संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर गोळीनं ते झाकू नका. आधी तपासणी.

काउंटरवर काय मागायचं

‘पाळीची गोळी द्या’ एवढंच सांगून पोराला पाठवलं तर पाच वेगळ्या गोष्टी हातात येऊ शकतात. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची गोळी बहुधा न आलेली पाळी आणायला देतात. ट्रानेक्झामिक ॲसिड आणि मेफेनॅमिक ॲसिडची जोडगोळी जास्तीचा रक्तस्राव आणि दुखणं कमी करते, पाळी पुढं ढकलत नाही. ७२ तासांची तातडीची गोळी पाळीचं वेळापत्रक उलटसुलट करते. आणि गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट, जे डॉक्टरांशिवाय घ्यायचंच नाही, तेही कुणी ‘पाळी आणायची गोळी’ म्हणूनच मागतं. म्हणून औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून द्या: ‘नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ, पाळी पुढं ढकलण्यासाठी.’

छाया ही सरकारी गर्भनिरोधक गोळीही या कामाची नाही. ती आठवड्याची गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा. तिच्यात संप्रेरक नसतं. काहींची पाळी तिनं लांबते खरी, पण किती लांबेल ते आपल्या हातात नसतं. लिंबाचा रस, डाळीचं पाणी यांनी पाळी थांबत नाही, आणि गूळ-तीळ किंवा पपईनं ती आणता येत नाही. खायला हरकत नाही, भरवसा ठेवू नका.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी

हा मजकूर सणवारापेक्षा जास्त इथंच लागू पडतो. दिवाळीच्या आगेमागे बीड, धाराशिव, परभणी, जालन्याकडून टोळ्या निघतात. फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि पाळीमुळं कोयता एक दिवस बसला तर खाडा. याच जाचातून कमी वयात गर्भपिशवी काढून टाकायची वाट रूढ झाली. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढं जी पाहणी आली, तिच्यात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यातल्या ज्यांचा त्रास फक्त जास्तीची, दुखरी पाळी एवढाच होता, त्यांच्यासाठी रोजची गोळी हा कात्रीच्या आधी करून बघायचा उपाय आहे. ती थांबवता येते. काढलेली पिशवी परत येत नाही.

हिशेब असा धरा. सहा महिन्यांचा हंगाम म्हणजे साधारण १८० दिवस, २१ नं भागले तर नऊ पाकिटं. ती निघायच्या आधी जमवा, कारखान्याच्या गावात कोण देईल याच्यावर राहू नका. गोळी निघायच्या दोन महिने आधी, म्हणजे भाद्रपदाच्या सुमाराला सुरू करा. सुरुवातीची मळमळ आणि डाग घरी असतानाच उरकून जातात आणि फडावर पोचेपर्यंत शरीर रुळलेलं असतं. त्यासाठी वरची तीन पाकिटं वेगळी धरा. पाकीट प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात, बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या पत्र्यावर नाही, कोपीच्या (झोपडीच्या) आत. पहाटे तीनला फडावर जावं लागतं तेव्हा सकाळची वेळ धरू नका, संध्याकाळच्या भाकरीनंतरची धरा.

थांबवल्यावर

गोळी थांबवली की दोन-चार दिवसांत रक्त जातं. रोजची गोळी बरेच महिने सलग घेतलेली असेल तर ते अगदी थोडं, दोन-तीन दिवसांचं असू शकतं. रक्त आत साचून राहिलं, त्याच्या गाठी झाल्या, असं काही नसतं. साचायला अस्तरच वाढलेलं नव्हतं. आपली नेहमीची पाळी बहुतेकींना एक ते तीन महिन्यांत मार्गी लागते, आणि दिवस जायला अडथळा येत नाही. उलट त्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात, तेव्हा नको असेल तर निरोध लगेच सुरू करा.

नॉरएथिस्टेरॉन थांबवून दहा दिवस झाले आणि पाळी आली नाही तर सकाळच्या पहिल्या लघवीवर गर्भचाचणी करा. चाचणी कोरी (निगेटिव्ह) आली तर आठवड्यानं पुन्हा एकदा. तीही कोरी आणि पाळीही नाही, तर सोनोग्राफीचा विचार डॉक्टर करतील. जाताना गोळीची रिकामी पट्टी आणि तारखा लिहिलेलं कॅलेंडरचं पान सोबत न्या.